अकरा अंडी आणि आक्का

त्याला सगळे कडक म्हणत. स्वभावाचा त्यात काही वाटा नव्हता. स्वभाव म्हणाल तर गिऱ्हाईक अंगावर आले की हाच त्याला बसायला स्टूल देई आणि वर चहा मागवी. नाव पडले होते ते त्याच्या इस्त्रीवरून. कडकच्या हातून गेलेला शर्ट हँगरवाचून उभा राहतो, असे लोक म्हणत, आणि ते थोडेफार खरेही होते. दुकानाच्या पाटीवर लाँड्रीचे दुसरेच काही नाव रंगवलेले होते. ते कुणी वाचल्याचे कुणाला आठवत नाही.

दुकान पुढच्या खोलीत. मागे राहायच्या दोन खोल्या आणि एक लहानशी आक्काची, आणि त्यांच्या मागे परस. परसात सात तारा ताणलेल्या. त्यांवर दोन लॉजच्या चादरी, दातांच्या डॉक्टरचे पांढरे डगले आणि गल्लीतल्या निम्म्या घरांचे कपडे वाळत. आता तिथे कपडे वाळवायचे यंत्र आले आहे, तारा निघाल्या, खाली फरशी बसली. इथे एके काळी कोंबड्या होत्या असे नव्या माणसाला सांगितले तर तो हसेल. पण होत्या. आणि त्या कशा आल्या ते आठवले की गल्लीतली जुनी माणसे आधी हसतात, मग जरा गप्प होतात.

कडक तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्याची बहीण आक्का शहात्तरची. हे अंतर पाहून लोकांना ती त्याची आई वाटे, आणि लोकांचे फार चुकत होते असेही नाही. आईवडील एकाच वर्षी गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि आक्का तेवीसची. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती कामाला होती. धुलाईघराच्या मागे तिला एक खोली मिळालेली. तिची एक भिंत बॉयलरला लागून होती, म्हणून थंडीत भावंडे त्या भिंतीला पाठ लावून बसत. लग्नाचे कुणी काढले की आक्का म्हणे, "एक पोर आहे माझ्या गळ्यात. ते आधी उतरू दे." पोर उतरले तोवर विचारणारे संपले होते.

त्या गरम भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आक्काने नऊ कोंबड्या पाळल्या होत्या. पहाटे पाचला ती खुराडे उघडी. अंथरुणात पडल्या पडल्या कडकला तिचा आवाज ऐकू येई. पाणी ओतताना, दाणे टाकताना ती कोंबड्यांशी बोलत असे. काल मुकादम काय म्हणाला, कुठल्या वॉर्डातून किती चादरी आल्या, कुणाची सासू कशी आहे, सगळे. त्याला मिळत ते हुकूम, गप्पा कोंबड्यांना. उठ, दात घास, शाळेची पाटी घे. पण त्या अर्धवट झोपेतला तो आवाज, भिंतीची ऊब आणि कोंबड्यांचे कुरकुरणे, एवढ्यालाच तो पुढे आयुष्यभर 'घर' समजत राहिला. बायकोलाही त्याने हे एकदाच सांगितले होते, तेही दिवे गेलेले असताना.

तो सोळा वर्षांचा होता, शाळेत नापास होऊन घरी बसला होता, तेव्हा एका संध्याकाळी मावशीकडून परत आला तो खुराड्याचे दार सताड उघडे आणि आत एकही कोंबडी नाही. खोलीत टेबलावर एक जडशीळ इस्त्री ठेवलेली.

"कोंबड्या विकल्या," आक्का म्हणाली. तिने मान वर केली नाही. "ही घे. आता काहीतरी शीक."

तो शिकला. कसा नाही शिकणार? प्रत्येक कॉलर दाबताना त्याला ते रिकामे खुराडे दिसे. पुढे दुकान झाले, लग्न झाले, मुलगी होऊन ती सासरी गेली, तरी कुणी त्याच्या कामाची तारीफ केली की हा मनात म्हणे, नऊ कोंबड्या गेल्या आहेत बाबा यात. कधी एखादा शर्ट घाईत उरकावासा वाटला तर तेवढ्यानेच हात आवरे. बेचाळीस वर्षे हा माणूस त्या नऊ कोंबड्यांना घाबरून नीट वागला.

आक्का त्याच्याकडे राहायला आली ती गुडघा गेल्यावर. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढले होते, दुसऱ्याने उजेड तेवढा कळे. कडकची बायको मनाने चांगली, सासूसारखी तिची बडदास्त ठेवत असे. घोडे अडले ते तिथेच. आक्का भांड्याला हात लावायला गेली की "आक्का, तुम्ही बसा." रुमालांच्या घड्या घालायला गेली की "अहो आक्का, बसा ना." शेजारीण आली तरी तीही बसाच म्हणे. पन्नास वर्षे उभ्याने काम केलेल्या बाईला त्या घरात दिवसातून वीस वेळा बसवले जात होते. दोन वर्षे ती बसली आणि मग एका दुपारी जेवताना म्हणाली,

"गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात माझी धुलाईघरातली मैत्रीण आहे. तिच्या शेजारची खाट रिकामी होतेय. येत्या एक तारखेला नाही, पुढच्या एक तारखेला मी जाते. त्यांची गाडी येईल."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. "आमचं काही चुकलं का आक्का?"

"तुमचं काय चुकायचंय! इथं मी एकटीच बिनकामाची. तिथं सगळ्याच बिनकामाच्या आहेत, तेवढीच सोबत."

कडकने तिला समजावले, रागावला, मुलीकडून फोन करवला. आक्काने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि पेटीतले कपडे लावायला काढले. चाळीस दिवस हातात होते. त्यातले दोन दिवस त्याने नुसते उसासे टाकण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरचा डगला दाबता दाबता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आक्काचे हातचे गेले होते ते एकच, आणि तेही याच्यापायी. ते परत आणायचे. परसात कोंबड्या कुरकुरायला लागल्या, पायात पिल्ले फिरायला लागली, की कसली जाते ती!

"कोंबड्या?" बायको म्हणाली. "पांढऱ्या चादरींखाली? अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"कोपऱ्यात जाळी मारतो."

"तुम्हाला कोंबडीतलं काय कळतं?"

लहानपणी आक्काने त्याला खुराड्याकडे फिरकू दिले नव्हते. कोंबडी म्हणजे काय, तर अंडे खाल्लेले, एवढेच त्याचे ज्ञान. आणि आक्काला विचारायचे नाही हे त्याने ठरवूनच टाकलेले. आपल्या हाताने सगळे उभे करायचे आणि मग तिला हाताला धरून दाखवायचे. अशा वेळी माणसाला आपण फार मोठे काहीतरी करतोय असे वाटत असते, आणि नेमके तेव्हाच कुणाला तरी विचारायला हवे असते.

धुतलेले कपडे ठेवायचे एक जुने खणांचे कपाट होते. त्याची फळकुटे काढून त्याने खुराडे केले. बाजारातल्या अंडीवालीकडून तीन कोंबड्या आणल्या. दोन अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देणाऱ्या, आणि एक तांबडी खुडूक, म्हणजे अंडी द्यायची थांबून ती उबवायला बसलेली.

"हीच घेऊन जा," अंडीवाली म्हणाली. "तुम्हाला पिल्लांची घाई आहे ना? कोंबड्याखालची, म्हणजे पिल्लू धरलेली, अकरा अंडी देते. संध्याकाळी हिला त्यांवर बसवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं. काही म्हणजे काही करायचं नाही."

काही म्हणजे काही करायचे नाही, हे कडकला जन्मात जमले नव्हते. दुकानात आणल्यावर त्याने अंडी दिव्याखाली पाहिली. एकावर विष्ठेचा डाग, दुसऱ्याला पीस चिकटलेले, तिसऱ्यावर माती. मळकी वस्तू त्याच्या हातून पुढे जात नसे, हा बेचाळीस वर्षांचा शिरस्ता. आणि ही तर आक्कासाठी. त्याने घमेल्यात कोमट पाणी घेतले, चिमूटभर सोडा टाकला आणि एकेक अंडे मऊ फडक्याने असे धुतले, की बायकोने तान्ह्या मुलीलाही कधी तसे धुतले नसेल. मग थंड पाण्यातून दोनदा काढले, टॉवेलवर वाळवले, आणि कपड्यांवर खुणा घालायच्या पेन्सिलीने त्यांवर एक ते अकरा आकडे घातले. दिवेलागणीला ती पांढरी शुभ्र अंडी तांबडीखाली सरकवताना त्याची छाती भरून आली.

सवयीने त्याने कोंबड्यांच्या पायातही खुणेच्या चिंध्या बांधल्या. तांबडीला तीन नंबर. एक आणि दोन नंबरने पहिल्याच सकाळी आपली लायकी दाखवली. जाळीवरून उडून दोघी तारेवर जाऊन बसल्या आणि लॉजच्या सात उशांच्या अभ्र्यांवर यथास्थित काम करून ठेवले. बायकोने अभ्रे उचलले आणि त्याच्या पुढ्यात, ताज्या इस्त्रीच्या गठ्ठ्यावर आणून ठेवले. मग कडकने जाळी वरूनही बंद केली.

आक्का तिच्या खोलीतून हे सगळे ऐकत होती. तिसऱ्या दिवशी आतून आवाज आला,

"पाणी कशात ठेवलंयस?"

"बादलीत."

"पडून मरेल एखादी."

बस, एवढेच. पण कडकला आभाळ ठेंगणे झाले. त्याने बादली काढून ताटली ठेवली आणि बायकोला कुजबुजत म्हणाला, "विचारलं बघ तिनं!" चार दिवसांनी आक्काने विचारले की रात्री खुराड्याला कडी घालतोस का. आठ दिवसांनी विचारले, खुडूक दिवसातून एकदा उठते का, खाते का. कडकच्या अंगावर मूठभर मांस चढत होते. पण आक्का परसात मात्र आली नाही, आणि पेटीतले लावलेले कपडेही तिने परत बाहेर काढले नाहीत.

तांबडी बसून होती. दुपारी एकदा उठे, घाईघाईने चार दाणे टिपी, पाणी पिई, धुळीत अंग घुसळी आणि पुन्हा जाऊन अंड्यांवर पसरे. कडक हातातली इस्त्री उभी करून तिच्याकडे बघत राही. दुकानात माणूस ताटकळे. "आलो, आलो. तीन नंबर उठलीय," हा आतून ओरडे. गल्लीत ते कौतुकाचे होऊन बसले. शेजारची मास्तरीण रोज शाळेला जाताना विचारी, "काय, किती दिवस राहिले?" जसे काही याचेच दिवस भरत आले होते.

एकविसावा दिवस उजाडला. कडकने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. काही झाले नाही. बाविसावा गेला. तेविसाव्याला त्याने दुकान दुपारी बंद केले आणि खुराड्याला कान लावून बसला. चोविसाव्या दिवशी सकाळी खुराड्यात फट्‌ असा बारका आवाज झाला. पिल्लू आले म्हणून हा धावला, आणि नाकात गेलेल्या वासाने दोन पावले मागे सरकला. आयुष्यभर लोकांचे घाम, रक्त, मळ हुंगलेला माणूस तो, पण असा वास त्याला माहीत नव्हता. सात नंबरचे अंडे आपोआप फुटले होते.

तांबडी उठली नाही. त्या घाणीतच पंख पसरून बसून राहिली. तिचा तुरा फिका पडला होता आणि पाठीचे हाड हाताला लागत होते. गेले दोन दिवस ती दाण्यालाही उठली नव्हती.

मागून काठीचा आवाज आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच आक्का परसात उतरत होती. चादरींना हाताने बाजूला सारत, वासाच्या रोखाने ती थेट खुराड्यापाशी आली.

"दे एक इकडे."

त्याने चार नंबरचे तिच्या हातात दिले. तिने ते कानापाशी नेऊन हलवले. आत पाणी खळबळले. मग तिने अंगठा कवचावरून सावकाश फिरवला, एकदा, दोनदा. कपड्याचा पोत बघावा तसा.

"हे धुतलंस तू."

कडकने मान डोलावली.

"सगळी?"

"सगळी. सोडा घालून. मग दोनदा गार पाण्यातून काढली."

"सोडा घालून!" आक्का म्हणाली आणि तिला हसू फुटले. आधी नुसते खांदे हलले, मग काठी खाली पडली, मग तिला उभे राहवेना, तेव्हा बायकोने धावत स्टूल आणले. आक्काला असे हसताना कडकने कधी पाहिले नव्हते, पाच वर्षांचा असल्यापासून आजवर. त्याला मात्र रडू येत होते.

"अरे वेड्या," डोळे पुसत ती म्हणाली, "अंड्याला अंगचंच एक पातळ आवरण असतं. दिसत नाही. ते घाण आत जाऊ देत नाही. तू तेच धुऊन काढलंस, आणि वर गार पाण्यात बुचकळलंस म्हणजे सगळी घाण आत ओढून घेतली त्यानं. मळलेलं असतं तसंच ठेवायचं असतं ते."

"मला काय माहीत!"

"विचारायचं होतंस की. भिंतीपलीकडेच तर होते." हसू ओसरले तसा तिने हात पुढे करून तांबडीच्या छातीखाली घातला, आणि तिचा चेहरा बदलला. "ही मरेल. आता उठायची नाही ही. पिल्लं येईपर्यंत बसायचं एवढंच तिला कळतं. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आण. आजच. आणि ती काही धुऊ नकोस."

कडकने स्कूटर काढली. येताना शर्टांच्या खोक्यात आठ पिल्ले होती, खोक्याला त्याने इस्त्रीच्या टोकाने भोके पाडलेली. उन्हे उतरेपर्यंत आक्काने त्यांना दुकानात, इस्त्रीच्या टेबलाखाली उबेला ठेवायला लावले. मग ती स्वतः खुराड्यासमोर जमिनीवर बसली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय तिने लांब पसरला. बायको "अहो आक्का, ब..." म्हणता म्हणता थांबली.

आक्काचा एक हात आत गेला आणि एक अंडे घेऊन बाहेर आला. मग त्याच हातात एक पिल्लू आत गेले. तांबडीने तिच्या मनगटावर चोच मारली, चांगली कचकचीत. आक्काने हात हलवला नाही. "हो गं, हो. कळतंय. चोवीस दिवस का थोडे आहेत? मानेला रग लागली असेल. आता होतंय बघ." तो आवाज ऐकून कडकच्या अंगावर काटा आला. पहाटे पाचचा आवाज होता तो. बेचाळीस वर्षांनी तो याच्या परसात आला होता, चादरींच्या मागे. त्याने बायकोकडे पाहिले. तिला कळले, कारण दिवे गेलेले असताना त्याने सांगितलेले ती विसरली नव्हती.

एकेक अंडे बाहेर, एकेक पिल्लू आत. आठवे गेले तेव्हा अंधारून आले होते. खुराड्यातून चिवचिव येत होती आणि तांबडी गप्प होती. कधी कधी अशा वेळी कोंबडी पिल्लांना टोचून मारते, हे वाटेत भेटलेल्या अंडीवालीने त्याला दुपारी सांगितले होते. मग आतून एक खोल, घोगरा, हळू आवाज आला. कुर्र, कुर्र. चिवचिव थांबली.

"घेतली," आक्का म्हणाली.

"तिला कळलं नाही तिची नाहीत ते?"

"कळलं असेल. ती काय वेडी आहे? पण एवढं बसल्यावर कोण विचारतंय?"

बायको चहा करायला आत गेली. दोघे भावंडे तिथेच बसून राहिली. कडकला वाटले, हीच वेळ आहे. बेचाळीस वर्षे जे बोलायचे राहिले होते ते त्याने अडखळत बोलून टाकले. तू माझ्यासाठी नऊ कोंबड्या विकल्यास, मी कधी विसरलो नाही, म्हणून या आणल्या, आता तरी जाऊ नकोस.

आक्काने मनगटावरची चोचीची खूण चोळली. मग म्हणाली,

"विकल्या नव्हत्या रे. मेल्या."

"काय?"

"बाजारातून एक नवी आणली होती मी, देखणी होती म्हणून. नवी कोंबडी आधी चार-आठ दिवस वेगळी ठेवायची असते. मला कुठं ठाऊक? सोडली तशीच सगळ्यांत. मानमोडी घेऊन आली होती ती. माना वाकड्या होऊन चार दिवसांत सगळ्या गेल्या. तू मावशीकडं होतास. मी बॉयलरमागं पुरल्या."

"आणि इस्त्री?"

"ती धुलाईघरानं मोडीत काढलेली. मुकादमानं दिली तशीच. तू आलास, आणि त्या इस्त्रीकडं असा बघायला लागलास... माझ्याच हातानं कोंबड्या मेल्या, हे सांगायची लाज वाटली. विकल्या म्हटलं. उद्या सांगू म्हटलं. पण दुसऱ्या दिवसापासून तू कामाला असा भिडलास, आणि माझ्याशी इतकं जपून बोलायला लागलास, की मग राहूनच गेलं. खरं सांगू? मला ते आवडायचंही."

कडक उठून उभा राहिला. त्याला राग आला, अगदी खरोखरीचा राग. त्याला वाटले, आपल्या पायाखालची फळी कुणीतरी काढून घेतली. इतके शर्ट, इतक्या कॉलरी, घाईत न उरकलेले इतके दिवस! आणि कुणी काही विकलेच नव्हते. तो तारांखालून एक फेरी मारून आला. ओल्या चादरी तोंडावर आल्या.

"आता का सांगितलंस?"

"म्हणजे तू मला सोडशील म्हणून," आक्का म्हणाली. "त्या कोंबड्यांपायी तू मला धरून ठेवतोयस. त्या उपकारापायी. तो उपकार नव्हताच. मग मी कुणाच्या घरात कशाला अडचण होऊन बसू? मोकळा हो, आणि मलाही जाऊ दे."

ती हे रागाने बोलली नाही. हिशोबाचेही बोलली नाही. थकलेल्या माणसाने हातातली पिशवी खाली ठेवावी तसे बोलली. कडक तिच्या समोर खाली बसला, ओल्या जमिनीवर, इस्त्रीच्या पँटमध्ये.

"नाही," तो म्हणाला.

"का नाही?"

त्याने उत्तर शोधले. इतकी वर्षे या प्रश्नाचे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होते, नऊ कोंबड्यांचे, आणि ते तिने आत्ताच काढून घेतले होते. तिने आपल्याला वाढवले म्हणून म्हणावे, तर ते पुन्हा उपकाराचेच झाले. कोंबड्या कोण सांभाळणार म्हणावे, तर ते कामाला ठेवल्यासारखे झाले. तो शोधत राहिला आणि त्याला काहीही सापडले नाही. आणि तरीही ही बाई एक तारखेला त्या गाडीत बसलेली त्याला बघवणार नव्हती.

"उगीच," तो म्हणाला.

"उगीच?"

"हो. उगीच राहा."

आक्काने चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिले. अंधारात तिला काय दिसले असेल कुणास ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापाशी हुकूम नव्हता. तिने नुसता हात पुढे केला. तो धरून त्याने तिला उठवले. आतून बायको म्हणाली, "चहा गार होतोय दोघांचा."

एक तारखेला वृद्धाश्रमाची गाडी आली तेव्हा आक्का खुराड्यासमोर स्टुलावर बसली होती. तिने गाडीवाल्याला निरोप दिला की मैत्रिणीला म्हणावे, अंडी पाठवते. पुढे ती सहा वर्षे त्या घरात होती. गल्लीत कुणी नव्याने राहायला आले की दुकानात कपडे टाकताना हटकून विचारी, "ह्या आजी तुमच्याकडे असतात का? का, कुणी नाही का त्यांना?" कडक शर्टाची बाही टेबलावर नीट पसरी आणि मान वर न करता सांगे, "आहेत की. उगीच असतात."